मोटारीचे मेण आणि सूक्ष्मतंतूंचा टॉवेल

नव्या मोटारीच्या अंगावरील चकाकी काही वर्षांत मंदावते. ऊन, पाऊस आणि वयोमान यांमुळे हे घडते असे सामान्यतः मानले जाते, व ते काही अंशी खरेही आहे. परंतु बारकाईने पाहणाऱ्यास एक विलक्षण गोष्ट आढळून येईल. जी मोटार दररोज सकाळी फडक्याने पुसली जाते आणि जिला दोन-तीन महिन्यांनी हौसेने मेण चोळले जाते, तिचे अंग क्वचित धुतल्या जाणाऱ्या मोटारीपेक्षाही पुष्कळदा अधिक निस्तेज दिसते. भर उन्हात तिच्या बॉनेटकडे पाहिले, तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेघा चमकताना दिसतात. निगा राखण्याच्या हेतूने केलेल्या कामातूनच ही हानी झालेली असते. ती कशी होते, आणि ती टाळण्यासाठी बाजारात ‘मायक्रोफायबर’ या नावाने मिळणारा सूक्ष्मतंतूंचा टॉवेल कसा वापरावा, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम या रेघांविषयी. त्या वर्तुळाकार दिसतात, म्हणून फडके गोल फिरविल्यामुळेच त्या उमटतात असा समज आहे. वास्तविक ओरखडे सर्व दिशांनी पडलेले असतात. त्यांपैकी जे ओरखडे प्रकाशाच्या दिशेला आडवे असतात, तेवढेच प्रकाश डोळ्यांकडे परावर्तित करतात. बाकीचे दृष्टीस पडत नाहीत. अशा आडव्या ओरखड्यांचे तुकडे प्रतिबिंबाभोवती मांडल्यासारखे दिसतात आणि वर्तुळांचा भास होतो. रात्री रस्त्यावरील दिव्यापुढे आलेल्या झाडाच्या फांद्या दिव्याभोवती गोलाकार विणल्यासारख्या वाटतात, तोच हा प्रकार होय. तेव्हा हात गोल फिरविण्याऐवजी सरळ फिरविल्याने ओरखडे पडावयाचे थांबत नाहीत. ते थांबवावयाचे, तर त्यांचे खरे कारण शोधले पाहिजे.

रंगाचे थर

मोटारीचा रंग हा एकच लेप नसून ती अनेक थरांची रचना असते. पोलादी पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया केलेली असते. त्यावर गंज रोखणारा थर विजेच्या साहाय्याने बसविलेला असतो. त्यानंतर पृष्ठभाग सपाट करणारे अस्तर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर एक रंगहीन, पारदर्शक लेप असतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रोमीटर म्हणतात. या मापाने हा वरचा पारदर्शक लेप साधारणतः ४० ते ५० मायक्रोमीटर जाडीचा असतो; म्हणजे माणसाच्या केसाहून बहुधा पातळच. खालच्या रंगाचे सूर्याच्या अतिनील किरणांपासून रक्षण करणारी द्रव्ये याच लेपात मिसळलेली असतात, आणि चकाकीही याच्याच गुळगुळीतपणावर अवलंबून असते.

पूर्वीच्या मोटारींना असा वेगळा पारदर्शक लेप नसे. त्यांना झिलई करताना फडक्यास गाडीचा रंग लागत असे, आणि रंग झिजत असल्याची सूचना मालकास आपोआप मिळत असे. आजच्या लेपाला रंगच नसल्यामुळे तो झिजला तरी फडके स्वच्छच राहते. झीज होते, पण ती कळत नाही. शिवाय हा लेप पुन्हा वाढत नाही. त्यावरचा ओरखडा नाहीसा करावयाचा म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा लेप घासून काढावयाचा, हाच एक मार्ग असतो. असे घासकाम मोटारीच्या आयुष्यात मोजक्याच वेळा करता येते. म्हणून ओरखडा काढण्यापेक्षा तो पडू न देणे हेच शहाणपणाचे ठरते.

ओरखडा कोण पाडतो?

पदार्थांचा कठीणपणा तुलनेने सांगण्यासाठी फ्रीड्रिख मोस या शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये एक श्रेणी तयार केली. तीत सर्वांत मऊ असलेल्या शंखजिऱ्यास १ आणि हिऱ्यास १० हा क्रमांक दिलेला आहे. माणसाचे नख सुमारे २.५ वर येते. वाळूतील मुख्य खनिज जे स्फटिक, म्हणजे क्वार्ट्‌झ, त्याचा क्रमांक ७ आहे. राजस्थानाकडून उन्हाळ्यात दिल्ली-जयपूर भागांत जी आंधी येते, तिच्या धुळीत या क्वार्ट्‌झचे कण मुबलक असतात. दख्खनच्या पठारावरील काळ्या पाषाणापासून झालेल्या धुळीत क्वार्ट्‌झ कमी असला, तरी ६ च्या आसपास कठीणपणा असलेल्या फेल्डस्पारचे कण तीत असतातच. मोटारीचा पारदर्शक लेप हे एक बहुवारिक, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक आहे. या खनिजांपुढे ते अगदीच मऊ होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. फडके कितीही मऊ असले, तरी ते आणि लेप यांच्यामध्ये धुळीचा एखादा कण सापडला, तर त्या कणाचे हत्यार बनते आणि हाताचा दाब ते हत्यार चालवितो. ओरखडा कण पाडतो; फडके केवळ त्याला धरून ठेवते. मग कोणत्याही फडक्याची परीक्षा एकाच प्रश्नाने करावयाची: सापडलेल्या कणास ते आपल्या आत, लेपापासून दूर, जागा देते की नाही? सूक्ष्मतंतूंच्या टॉवेलाचे सारे महत्त्व या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

मेणाचे कार्य

मोटारीस लावावयाच्या मेणात कार्नौबा या मेणास मानाचे स्थान आहे. ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवर हे मेण असते. पाने वाळवून व झोडपून ते काढतात. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. वनस्पतिजन्य मेणांत ते अत्यंत कठीण समजले जाते. डबीतील मेणात कार्नौबाबरोबर इतर मेणे आणि ती मऊ राखणारे, सहज उडून जाणारे द्रावक मिसळलेले असते. अलीकडे कृत्रिम बहुवारिकांचे लेपही पुष्कळ वापरात आले आहेत. दोन्ही लावण्याची पद्धत सामान्यतः सारखीच असते.

मेण लावल्यानंतर द्रावक उडून जाते आणि पृष्ठभागावर एक धुरकट थर दिसू लागतो. त्यातील अतिशय पातळ पापुद्रा तेवढा पृष्ठभागास चिकटून राहतो. तोच पाणी झटकतो व मळ बसू देत नाही. बाकीचे सर्व मेण पुसून काढावयाचे असते. म्हणजे मेण लावणे हे काम थोडे आणि पुसणे हेच काम फार, असा हा व्यवहार आहे. मेणामुळे बारीक ओरखडे काही काळ बुजतात हे खरे. परंतु चार-सहा धुण्यांनंतर ते पुन्हा उघडे पडतात. पुसण्याच्या कामात चूक झाली, तर जुन्या ओरखड्यांवर पांघरूण घालता घालता नवे ओरखडे तयार होतात.

तंतूची घडण

धाग्याची सूक्ष्मता ‘डेनिअर’ या मापाने मोजतात. ९,००० मीटर लांबीच्या तंतूचे वजन १ ग्रॅम भरले, तर तो तंतू १ डेनिअरचा होय. पॉलिएस्टरच्या अशा तंतूचा व्यास सुमारे १० मायक्रोमीटर असतो. याहून बारीक असलेल्या तंतूस सूक्ष्मतंतू म्हणतात. जपानमधील तोरे या कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये अत्यंत बारीक तंतूंपासून कृत्रिम साबरासारखे कापड तयार केले, आणि तेव्हापासून अशा तंतूंचा उद्योग वाढीस लागला.

पुसण्याच्या टॉवेलासाठी वापरला जाणारा तंतू निराळ्या रीतीने घडवितात. पॉलिएस्टर आणि नायलॉन हे दोन्ही पदार्थ एकत्र ओढून त्यांचा एकच तंतू काढतात. आडव्या छेदात तो फोडी जोडून ठेवलेल्या मोसंब्यासारखा दिसतो: एक फोड पॉलिएस्टरची, तिच्या शेजारची नायलॉनची. पॉलिएस्टरचे प्रमाण सामान्यतः ७० ते ८० टक्के असते. कापड विणून झाल्यावर त्यावर रासायनिक व यांत्रिक क्रिया करून या फोडी सुट्या करतात. १६ मायक्रोमीटर व्यासाच्या एका तंतूच्या अशा १६ फोडी झाल्या असे समजू. मूळ तंतूचा परीघ सुमारे ५० मायक्रोमीटर होता. सर्व फोडींच्या कडांची बेरीज सुमारे ३०६ मायक्रोमीटर भरते. म्हणजे तेवढ्याच द्रव्यातून सुमारे सहापट पृष्ठभाग मिळाला, आणि फोडींमध्ये असंख्य अरुंद फटीही निर्माण झाल्या.

या रचनेपासून तीन लाभ होतात. पहिला असा की गोल तंतू मेणाच्या थरावरून घरंगळत जातो, तर फोडीची निमुळती कड त्या थराखाली शिरून तो उचलून घेते. त्यामुळे जोर लावावा लागत नाही. दुसरा लाभ केशाकर्षणाचा. फट जितकी अरुंद, तितके द्रव पदार्थास आत ओढण्याचे बळ अधिक. म्हणून पाणी आणि मेणाचा ओलसर अंश टॉवेलात चटकन शोषला जातो. पॉलिएस्टरला तेलकट पदार्थांची आणि नायलॉनला पाण्याची ओढ अधिक असल्यामुळे दोन्ही कामे एकाच टॉवेलात साधतात. तिसरा लाभ सर्वांत महत्त्वाचा. टॉवेलावरील लव उंच व दाट असेल, तर धुळीचा कण तिच्या मुळाशी जाऊन बसतो आणि लेपावर घासला जात नाही.

परंतु हे तिन्ही लाभ त्या फटी व ती लव मोकळी असेपर्यंतच मिळतात, हे विसरता कामा नये. फटी मेणाने भरल्या आणि लव चिकटून बसली, म्हणजे उत्तम टॉवेल आणि जुन्या धोतराचा तुकडा यांत फारसा भेद उरत नाही. किंबहुना असा टॉवेल अधिक घातक ठरतो, कारण ‘हा चांगला टॉवेल आहे’ या विश्वासाने तो निर्धास्तपणे चालविला जातो. टॉवेल वापरण्याचे जे नियम पुढे दिले आहेत, ते सर्व या एका तत्त्वातून निघतात.

टॉवेलाची निवड

कापडाचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, यावरून टॉवेलाची जाडी सांगतात. मेणाचा पहिला थर उचलण्यासाठी ३०० ते ४०० ग्रॅमचा, आखूड लवेचा टॉवेल सोयीचा पडतो. अखेरचा हात फिरविण्यासाठी त्याहून जाड व उंच लवेचा टॉवेल असावा. कडेची शिवण जाड व टणक दोऱ्याची नसावी, आणि कारखान्याची चिठ्ठी शिवलेली असल्यास ती प्रथम काढून टाकावी. मऊ टॉवेलाची कड वा चिठ्ठीही लेपावर रेघ ओढू शकते. विकत आणलेला टॉवेल एकदा धुतल्यावाचून वापरू नये, कारण त्यावर सुटे तंतू असतात.

तंतू खरोखर फोडलेला आहे किंवा नाही, हे घरीही अजमावता येते. कोरड्या तळहातावरून टॉवेल हलकेच ओढला असता तो त्वचेच्या बारीक भेगांत अडकल्यासारखा वाटला पाहिजे. गुळगुळीत पृष्ठभागावर सांडलेले थोडे पाणी त्याने एका फटक्यात टिपले पाहिजे. पाणी पुढे ढकलले जात असेल, तर तंतू गोलच राहिला आहे असे समजावे.

एका मध्यम आकाराच्या मोटारीस मेण लावताना निदान चार-पाच टॉवेल हाताशी असावेत. एकाच टॉवेलात सर्व काम उरकण्याची काटकसर शेवटी लेपाच्या किमतीने भरून द्यावी लागते.

मेण लावताना

मोटार प्रथम भरपूर पाण्याने धुऊन घ्यावी आणि पूर्णपणे कोरडी करावी. धूळ बसलेल्या अंगावर कोरडा टॉवेल फिरविणे हे सूक्ष्मतंतूंच्या टॉवेलानेही क्षम्य होत नाही. लव काही कण सामावून घेईल, परंतु कणांचा थरच असेल तर तिचाही नाइलाज होतो. गावोगावी पहाटे मोटारी पुसण्याची जी पद्धत आहे, तीत एकच फडके गाडीमागून गाडीवर फिरते आणि पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचते. हा दोष पुसणाऱ्या माणसाचा नसून त्याला पुरेसे पाणी व पुरेशी फडकी न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

काम सावलीत करावे. उन्हाळ्यात उभ्या असलेल्या मोटारीचा पत्रा ६० अंश सेल्सिअसच्या वर तापू शकतो. अशा पत्र्यावर मेणातील द्रावक क्षणार्धात उडून जाते आणि मेण कडक होऊन बसते. मग ते काढण्यासाठी जोर लावावा लागतो, आणि जोर लावणे हेच तर टाळावयाचे असते. पत्र्यावर हात ठेवता येईल इतका तो निवल्यावरच प्रारंभ करावा.

मेण स्पंजाच्या मऊ चकतीने, शक्य तितके पातळ लावावे. जाड थर दिल्याने रक्षण वाढत नाही. पुसावयाचे मेण मात्र वाढते, आणि त्याबरोबर टॉवेलाच्या फटी लवकर भरतात. एका वेळी बॉनेट, एक दरवाजा अशा एकेका भागावरच काम करावे. मेण धुरकट दिसू लागल्यावर बोट हलकेच ओढून पाहावे. बोटाखाली स्वच्छ, चकचकीत पट्टा उमटला तर पुसण्याची वेळ झाली. मेण फासले गेले तर थोडे थांबावे. डबीवर वेगळी सूचना असल्यास ती पाळावी.

पुसताना

टॉवेल मध्यावर दुमडून पुन्हा एकदा दुमडावा. अशा रीतीने त्याच्या चार थरांची उशी तयार होते आणि घडी उलटसुलट करून आठ स्वच्छ बाजू मिळतात. तळहात सपाट ठेवून टॉवेल धरावा. बोटांच्या टोकांनी दाबल्यास सर्व भार लहानशा जागेवर येतो. सपाट तळहाताखाली तोच भार विस्तृत पृष्ठभागावर पसरतो. हाताचे वजन पुरेसे असते, त्याहून अधिक दाब देऊ नये.

पहिल्या बाजूने थर मोडून काढावा, दुसऱ्या स्वच्छ बाजूने राहिलेला अंश टिपावा आणि शेवटी जाड लवेच्या वेगळ्या टॉवेलाने हलका हात फिरवावा. घडीची बाजू मेणाने पांढरट दिसू लागली किंवा टॉवेल अडखळू लागला, की ती बाजू संपली असे समजून घडी पालटावी. आठही बाजू संपल्यावर नवा टॉवेल घ्यावा. एखादा डाग राहिलाच, तर कोरडे घासत न बसता टॉवेलाचा कोपरा किंचित ओला करून तो टिपावा.

टॉवेल जमिनीवर पडला तर तो झटकून पुन्हा वापरू नये. जी लव कण आत धरून ठेवते म्हणून उपयोगी पडते, तीच जमिनीवरचे कणही धरून ठेवते. झटकल्याने ते सर्व निघतील असा भरवसा नाही. असा टॉवेल त्या दिवसापुरता बाजूस ठेवावा. त्याचप्रमाणे चाकांसाठी वापरलेला टॉवेल रंगावर कधीही वापरू नये. ब्रेकच्या घर्षणातून सुटलेले धातूचे कण त्यात रुतलेले असतात. निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या रंगांचे टॉवेल ठेवल्यास घोटाळा होत नाही.

टॉवेल धुणे व ठेवणे

मेण पुसलेला टॉवेल तसाच वाळू दिला तर फटींतील मेण घट्ट होते. म्हणून तो शक्यतो त्याच दिवशी कोमट पाण्यात, पातळ डिटर्जंट घालून धुवावा. सुती कपड्यांबरोबर तो धुऊ नये, कारण सुताचे सुटे तंतू त्याच्या लवेत अडकून बसतात. आपल्याकडे कपडे दगडावर आपटून वा साबणाची वडी चोळून धुण्याची जी रीत आहे, ती या टॉवेलास सर्वथा वर्ज्य आहे. दगडावरील कण लवेत शिरतात. कठीण पाण्यात साबणाची कॅल्शियमशी क्रिया होऊन न विरघळणारी साय तयार होते व ती फटी बुजविते. डिटर्जंटच्या वडीत तर भर म्हणून खनिजांची भुकटी घातलेली असते.

कपडे मऊ करणारे द्रव्यही वापरू नये. ते तंतूंवर तेलकट पापुद्रा चढवते. टॉवेल हाताला मऊ लागतो, पण त्याची शोषणशक्ती नष्ट होते. विरंजक चूर्णाने नायलॉनची हानी होते. कडक उष्णताही टाळावी. टॉवेल उकळू नये आणि त्याला इस्त्री करू नये, कारण उष्णतेने बारीक फोडी वाकतात व एकमेकींस चिकटून लव राठ बनते. स्वच्छ जागी, सावलीत वाळवून तो झाकणाच्या डब्यात ठेवावा. गॅरेजच्या उघड्या फळीवर ठेवलेला स्वच्छ टॉवेल आठवडाभरात स्वच्छ राहत नाही.

येथे आणखी एका गोष्टीचा निर्देश केला पाहिजे. हे तंतू प्लास्टिकचे आहेत, आणि प्रत्येक धुण्यात त्यांतील काही सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. मार्क ब्राउन आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, कृत्रिम धाग्याच्या एकेका कपड्यातून एका धुण्यात १,९०० हून अधिक तंतू सुटू शकतात असे दाखविले. हे तंतू नदी-समुद्रांच्या गाळापर्यंत पोहोचतात. म्हणून टॉवेल उगाच वारंवार धुऊ नयेत. चार-पाच साठवून, गार वा कोमट पाण्यात, हलक्या हाताने एकत्र धुवावेत. मेण लागलेले टॉवेल मात्र साठवून ठेवावयाचे झाल्यास डिटर्जंटच्या पाण्यात भिजत ठेवावेत.

लव राठ झालेला टॉवेल रंगासाठी निरुपयोगी झाला, तरी टाकून देण्याचे कारण नाही. तो काचांसाठी, मग दरवाजांच्या कडांसाठी, त्यानंतर चाकांसाठी आणि शेवटी इंजिनाच्या भागांसाठी वापरावा. हा क्रम नेहमी खालच्या दिशेने जातो. चाकांकडे गेलेला टॉवेल कितीही धुतला तरी पुन्हा रंगाकडे आणू नये.

मोटारीचा पारदर्शक लेप कारखान्यात एकदाच चढविला जातो आणि तेवढ्या भांडवलावर तिला आपले सारे आयुष्य काढावयाचे असते. मेणाचा पापुद्रा काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा देता येतो, टॉवेल थोड्या खर्चात नवा आणता येतो. लेपाचे तसे नाही. म्हणून टॉवेलाविषयी संशय आला, की प्रश्न न करता दुसरा घ्यावा, आणि हात अडखळला, की जोर न वाढविता घडी पालटावी. एवढे दोन नियम जरी कटाक्षाने पाळले, तरी मेण लावण्याचे काम खऱ्या अर्थाने रक्षणाचे काम होईल.